स्कर्टचं अस्तर मागाल, ब्लाउजचं मिळेल

पुण्यातल्या कुठल्याही मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर स्कर्टच्या कापडाचा तुकडा ठेवा आणि नुसतं ‘याला अस्तर द्या’ म्हणा. मागच्या फळीवरून टू बाय टूचा, म्हणजे ब्लाउजच्या सुती अस्तराचा, गठ्ठा खाली येतो. तुकडा त्यावर टेकवला की रंग हरवून जातो, इतकं मॅचिंग अचूक. दाराशी उजेडात नेऊन पाहिलं तरी खोट निघत नाही. तरीही अंगाबरोबर बसणाऱ्या स्कर्टसाठी हे कापड चुकीचं आहे, आणि घरी शिवलेले बरेचसे स्कर्ट कपाटात पडून राहतात ते इथे झालेल्या चुकीमुळे, मशीनवरच्या नाही.

दुकानदाराचा यात दोष थोडाच. लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि आसपासच्या पेठांमधला मॅचिंगचा धंदा उभा आहे तो ब्लाउज, परकर आणि साडीच्या फॉलवर. ब्लाउजच्या अस्तराला धरून ठेवायचं काम असतं: वरचं कापड ताणलं जाऊ नये, टक्स (फिटिंगसाठी शिवलेल्या चुण्या) जागेवर राहावेत, घाम टिपला जावा. टू बाय टू हे सगळं उत्तम करतं. स्कर्टच्या अस्तराचं काम नेमकं उलटं, सरकायचं. चालताना मांडी पुढे जाते, वरचं कापड मागे राहतं, आणि मधल्या थराने दोघांना एकमेकांवरून घसरू द्यायचं असतं. सुती अस्तर घसरत नाही, ते चिकटतं. दहा पावलांत स्कर्ट मांडीवर चढतो आणि हात खाली ओढायला जातो. म्हणून ही मॅचिंग सेंटरं आणि त्यांचा माल ब्लाउजवाल्याच्या नव्हे, स्कर्टवाल्याच्या नजरेने पाहायला हवीत.

रंगासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. एका लाल रंगाच्या दहा-बारा छटा समोर टाकणारी दुकानं इथे आहेत, आणि काउंटरवरची माणसं ट्यूबलाइटखाली रंग ठरवू देत नाहीत, बाहेर न्या म्हणतात. सल्ल्यासाठी मात्र गुण कापावे लागतील. ‘स्कर्टला काय घालू?’ या प्रश्नाला ‘टू बाय टू घाला, सगळे तेच नेतात’ हे उत्तर ठरलेलं. त्यामुळे प्रश्न न विचारता कापडाचं नाव घेऊन मागावं.

नाव घ्यायचं ते शांतूनचं. काही दुकानांत सांटून म्हणतात. अंगाने मुख्यतः व्हिस्कोस, एका बाजूने मंद चमक, हातात घेतलं की वजन जाणवतं आणि सोडलं की सरळ खाली पडतं. पंजाबी ड्रेसच्या सलवारीसाठी आणि लेहेंग्याच्या आत ते पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे रंगही बऱ्यापैकी मिळतात. स्कर्टच्या आत चमकदार बाजू पायाकडे ठेवायची. घाम शोषतं, घसरतं, थंडीत अंगाला चिकटत नाही. दोन खोडी आहेत. पहिली, पाण्यात आटतं, आणि उभ्या धाग्यात जास्त आटतं. कापण्याआधी तासभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करायची. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, स्कर्टची खालची दुमड आतून वर ओढली जाते, आणि समोरून पाहणाऱ्याला वाटतं उंचीच वाकडी कापली आहे. दुसरी खोड रंग सोडण्याची. काळा, मरून, गडद निळा घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून बघा. रुमाल रंगला तर फिकट स्कर्टला ते अस्तर लावू नका.

बटर क्रेप हा दुसरा पर्याय, आणि दुकानात तो शांतूनपेक्षा सहज मिळतो. पॉलिएस्टर असल्यामुळे आटत नाही, चुरगळत नाही, धुवून तासाभरात वाळतं. पावसाळ्याचे चार महिने ही मोठीच सोय. घसरतंही छान. पण घाम शोषत नाही, एप्रिल-मेच्या दुपारी त्याची आठवण राहते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत पायाला चिकटून चटचट आवाज करतं. ऑफिसात एसीत बसणाऱ्यांना चालेल, दिवसभर स्कूटरवर फिरणाऱ्यांना नाही. सॅटिन टाळा. ते कापताना पळतं, सुईच्या प्रत्येक भोकाची खूण धरून ठेवतं, आणि सीटच्या (नितंबांवरच्या) शिवणीवर ताण आला की धागे बाजूला सरकून शिवणीशेजारी जाळी दिसू लागते. टाफेटा चालताना आवाज करतो. मलमल पातळ सुती स्कर्टला, तेही घेर असलेल्या, ठीक. पॉपलिन परकरासाठीच बरं.

बेंबर्ग नावाचं अस्तर काही जण शोधतात. कापसाच्या सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून बनणारं हे क्युप्रो कापड जपानची आसाही कासेई कंपनी करते, आणि स्कर्टच्या अस्तरात त्याला तोड नाही, हे खरंच. पण मॅचिंगच्या फळीवर ते शोधण्यात दुपार घालवू नका. शांतून त्याच्या बरंच जवळ जातं.

‘प्युअर व्हिस्कोस’ म्हणून हातात पॉलिएस्टर मिळणं नवीन नाही. काठाजवळचे चार-पाच धागे उपसून घरी काडी लावून पाहा. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं जळतं, राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. मणी आणि राख दोन्ही दिसली तर मिक्स आहे. म्हणूनच आधी पाव मीटर आणा, तपासा, मग बाकीचं घ्या. मात्र दोन्ही खेपांना गठ्ठा तोच आहे ना, हे बघायचं, नाहीतर छटा बदलते.

आता किती घ्यायचं. काउंटरवरचं ठरलेलं उत्तर ‘एक मीटर बास’. सीट ४० आणि तयार उंची २४ इंच असलेल्या सरळ स्कर्टचा हिशोब करू. सीटमध्ये २ इंच सैल धरले की ४२, म्हणजे पुढचा भाग २१ आणि मागचे दोन साडेदहाचे. दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून पुढचा २३, मागचे साडेबारा-साडेबारा, मिळून २५. एकाशेजारी एक ठेवले तर ४८ इंच रुंदी लागते. ५८ इंच पन्ह्याच्या वरच्या कापडात हे एका उंचीत बसतं, कमरेची पट्टी धरून १ मीटर पुरतं. ४४ इंच पन्ह्यात बसत नाही, दोन उंच्या लागतात, म्हणजे सुमारे दीड ते पावणेदोन मीटर. अस्तराचंही तसंच. पन्हा ४४ असो वा टू बाय टूसारखा ३६, दोन उंच्या घ्याव्याच लागतात. अस्तर स्कर्टपेक्षा एक इंच आखूड, म्हणजे तयार २३. खाली दुहेरी दुमडीला १ आणि कमरेला अर्धा धरून साडेचोवीस. दोनदा म्हणजे ४९ इंच, जवळजवळ सव्वा मीटर. आटणं धरून दीड मीटर मागा. एक मीटर फक्त त्यांना पुरतं ज्यांची सीट ३४ च्या आत आहे, आणि तेही ४४ पन्ह्यातच.

या मापात कंबर ३० असेल तर कमरेला एक इंच सैल धरून ३१, चौथा भाग पावणेआठ. सीटचा चौथा भाग साडेदहा. फरक पावणेतीन इंच. हे सगळं एकाच टकमध्ये कोंबायचा मोह होतो, आणि घरच्या स्कर्टवर पोटाच्या खाली जी दोन टोकं उभी राहतात ती त्या मोहाची. एक इंच बाजूच्या गोलाईत घाला, उरलेले पावणेदोन दोन टक्समध्ये वाटा. पुढचे टक्स सव्वातीन इंचाच्या आसपास, मागचे पाच. टकच्या टोकाशी टीप उलटी मारू नका. शेवटचे तीन टाके बारीक करून कडेवरून बाहेर न्या आणि दोऱ्यांना हाताने गाठ मारा. उलट टीप मारली की तिथे गुठळी होते आणि इस्त्रीने जात नाही. मागे मधल्या शिवणीत पाव इंच घेऊन मागचे टक्स तेवढे कमी केले तर कमरेचा मागचा खळगा चांगला बसतो.

अस्तरात हेच टक्स शिवायचे नाहीत. तेवढंच कापड चुणी म्हणून दुमडायचं, आणि वरच्या टकच्या उलट दिशेला वळवायचं. दोन फायदे: कमरेत एकावर एक जाडी येत नाही, आणि बसताना अस्तराला थोडी मोकळीक मिळते. ती मोकळीक हवीच, कारण स्कूटरवर बसलं की सीटचं माप उभ्या मापापेक्षा वाढतं. माप बसूनही घ्या. वाढ दोन इंचांपेक्षा जास्त असेल तर सैल अडीच धरा. वरचं कापड लायक्राचं असेल तर अस्तर न ताणणारं घालून लायक्राचे पैसे वाया घालवू नका. ताणणारंच अस्तर घ्या, नाहीतर शिवण उसवते ती अस्तराची, आणि कळते महिन्याने.

चेनबद्दल. कन्सील चेन (शिवणीत लपणारी) सगळीकडे मिळते, रंगही भरपूर. वायकेके कंपनीची चेन सरळ नाव घेऊन मागा. सुट्या चेनीत स्लायडर वळणावर अडकतो का, ते काउंटरवरच दहा वेळा वर-खाली करून बघा. लांबी ९ इंच. कंबर ते सीटचा सर्वांत रुंद भाग साधारण ७ ते ८ इंच असतो आणि चेन त्याच्या खाली उघडली पाहिजे. ७ इंची चेन लावलेला स्कर्ट चढवताना वरची शिवण ताणली जाते आणि चेनीचं शेवटचं टोक फाटतं. ९ ची नसली तर १२ ची घ्या, हव्या लांबीला दातांवरून सात-आठ घट्ट टाके घाला आणि त्याखाली पाऊण इंच सोडून कापा.

चेन लावण्याआधी उलट बाजूने कोमट इस्त्रीने तिचे दात उताणे पाडायचे. गरम इस्त्री नको, दात वितळतात. घरच्या काळ्या मशीनवर सुई मधोमध ठरलेली असते, त्यामुळे नेहमीच्या फूटने (कापड दाबणाऱ्या पट्टीने) टीप दातांपासून लांब पडते आणि चेन झाकली जात नाही. कन्सील चेनचा वेगळा फूट, खाली दोन खाचा असलेला, मशीनचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो नसेल तर एका बाजूचा सिंगल फूट. चेनीखालची शिवण आधी मारू नका. चेन दोन्ही बाजूंना लावून झाल्यावर मारा, आणि चेनीच्या शेवटच्या टाक्याच्या बरोबर शेजारून सुरू करा, एक धागा जरी आत गेलात तरी तिथे खड्डा पडतो. अस्तर चेनीला हातशिलाईने किंवा मशीनने लावताना दातांपासून पाव इंच दूर ठेवा. बहुतेक अडकलेल्या चेनींच्या तोंडात अस्तरच असतं.

कमरेच्या पट्टीला फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा आतला थर. इथेही काउंटरची सवय आड येते: ‘बेल्टला’ म्हटलं की कॉलरचं कडक बकरम मिळतं. ते वाकलं की वाकलेलंच राहतं, पट्टीवर आडवी घडी पडते. सरळ, दीड इंचाच्या बेल्टला मऊ कॅनव्हास, आणि बेल्ट नसलेल्या स्कर्टच्या आतल्या गोल पट्टीला पातळ, बारीक ठिपक्यांचं पेस्टिंग मागा. इस्त्री घासायची नाही, दहा-बारा सेकंद दाबून उचलायची आणि गार होईपर्यंत कापड हलवायचं नाही. घासली की फुगे येतात. कापड आधी न भिजवताच पेस्टिंग केलं तर ते फुगे पहिल्या धुण्यात येतात.

खणाच्या स्कर्टसाठी एक सूचना. खणाचं कापड कापल्यावर कड झपाट्याने सुटते. मायेचा पाव इंच धाग्यांतच जातो, म्हणून माया निदान पाऊण इंच ठेवा आणि तुकडे कापल्या-कापल्या इंटरलॉक (कडेवर दोऱ्याची वीण) करून घ्या.

इंटरलॉक आणि पिको-फॉलच्या टपऱ्या पेठेत जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहेत, आणि कामाला वेगवान. उभ्या-उभ्या करून देतात, दोरा रंगाला लावून देतात. तक्रार एकच, पण मोठी: इंटरलॉकच्या मशीनला पाते असते आणि ते कड कापत जातं. साडीच्या किंवा ड्रेसच्या कामाची सवय झालेले कारागीर सरळ चालवतात, आणि प्रत्येक कडेला पाव इंच गेला की तीन शिवणींत मिळून स्कर्ट दीड इंच घटतो. ‘न कापता, कडेला लागून’ असं आधी सांगा, आणि शक्य असेल तर माया निदान पाऊण इंच ठेवून जा. शिवण्याआधी सुटे तुकडे घेऊन जा. जोडलेला स्कर्ट नेला तर दोन माया एकत्र इंटरलॉक होतात आणि शिवण उघडून दाबता येत नाही, सीटवर दोरीसारखी उभी राहते. अस्तराच्या खालच्या कडेला पिको (बारीक झिगझॅग टीप) मात्र करून घेऊ नका. शांतून आणि क्रेप दोन्हींवर ती कड लाटांसारखी होते.

घरच्या मशीनवर अस्तराला ११ नंबरची सुई आणि वरच्या कापडाला १४ ची. एकाच १४ च्या सुईने सगळं उरकलं तर क्रेपवर चुण्या पडतात आणि दोष टेन्शनला दिला जातो. सुई नवी असू द्या, एका स्कर्टला एक.

सर्वांत जास्त गोंधळ मागच्या चिरीत होतो. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टला ७ इंचांची चीर लागते. पाचची ठेवली तर पीएमपीच्या बसची पायरी चढताना तिच्या टोकाशी शिवण उसवते. नवशिक्यांनी साधी चीर ठेवावी: मागची मधली शिवण तिथे थांबवायची, दोन्ही कडा आत दुमडायच्या, अस्तराची चीर तिच्यापेक्षा एक इंच वर सुरू करायची. एकावर एक येणारी पट्टीची चीर करायची असेल तर अस्तराचे मागचे दोन तुकडे सारखे राहत नाहीत. जी बाजू वर येते तिची पट्टी आत दुमडली जाते, म्हणून तिथल्या अस्तरात खाच लागते. खाली राहणाऱ्या बाजूचं अस्तर पट्टीसकट पूर्ण असतं. आणि अस्तर उलटं होऊन आत जातं, त्यामुळे टेबलावर पसरून कापताना डावं-उजवं फसतं. खाच बरोबर चुकीच्या तुकड्यात पडते. मग एकच इलाज, नवा तुकडा. तेव्हा खाच आधी कापूच नका. दोन्ही तुकडे पट्टीसकट पूर्ण कापा, स्कर्ट तयार करून हँगरला उलटा टांगा, अस्तर आत सोडा, चिरीची पट्टी जिथे संपते ती रेघ खडूने अस्तरावर उमटवा, अर्धा इंच माया आत सोडून मग कापा. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात तिरपा काप द्यावा लागतो, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबायचं. कापण्याआधी तिथे एक इंचाचा पेस्टिंगचा चौकोन दाबून घ्या. शांतूनचा तो कोपरा त्याशिवाय दोन धुण्यांत उसवतो.

अस्तर खाली स्कर्टला जोडू नका, मोकळंच राहू द्या. दोन्ही बाजूंच्या शिवणींत स्कर्ट आणि अस्तर यांच्यामध्ये दीड इंचाची दोऱ्याची साखळी बांधली की वाऱ्याने उडत नाही आणि गोळाही होत नाही. दुमड घालण्याआधी स्कर्ट एक रात्र हँगरला लटकू द्या, कमरेला चिमटे लावून. कापड जिथे उरेब (तिरकं) आहे तिथे ते खाली उतरतं, विशेषतः बाजूच्या गोलाईखाली, आणि सकाळी माप परत घेतलं की पाव ते अर्धा इंच फरक दिसतो. तो कापून मग स्कर्टची दोन इंची दुमड हातशिलाईने आणि सर्वांत शेवटी अस्तराची दुमड मशीनने. दीड मीटरमधून उरलेली शांतूनची पट्टी टाकू नका. चिरीच्या टोकाशी अस्तर सर्वांत आधी विरतं, आणि तोवर काउंटरवर त्याच छटेचा गठ्ठा बदललेला असतो.